तुमच्या दहा किलोमीटरच्या पट्टीत जंगल कुठे आहे?

प्रति,
केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालय, नवी दिल्ली
तसेच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ

विषय : ताडोब्यातलं धुरकं आणि औष्णिक वीज केंद्रांना सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून सूट देणारी जुलै २०२५ ची अधिसूचना

महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या जानेवारीत माझ्या जुन्या शाळेच्या आठवीच्या मुलींबरोबर ताडोब्याच्या काठच्या मोहर्लीला गेले होते. निवृत्त झाले तरी सहल निघाली की मला बोलावणं येतं, कारण पोरींना नकाशा वाचायला लावायचं काम माझ्याकडे असतं. सकाळी साडेसातला आम्ही इरई धरणाच्या फुगवट्याच्या काठावर उभ्या होतो. त्या दिवशीचा धडा सोपा होता. समोरचा काठ, त्यामागची झाडांची रांग, त्यामागचा उंचवटा. प्रत्येकीने नकाशावर बोट ठेवायचं आणि अंतर सांगायचं. पाणी दिसत होतं, पाण्यावरची बदकं दिसत होती. समोरचा काठ म्हणजे पेन्सिलीने काढून खोडरबराने अर्धवट पुसलेली रेघ. त्यामागे काहीच नव्हतं.

"बाई, केवढं छान धुकं पडलंय!" एक मुलगी म्हणाली.

आमच्याबरोबरची गाईड गावातलीच, पंचविशीतली पोरगी. ती म्हणाली, "धुकं नाही जी हे. धुकं असतं त मॅडमचा चष्मा ओला झाला असता." मी चष्मा काढून बघितला. कोरडा ठणठणीत. मग तिने मुलींना ओळख सांगितली. धुकं पांढरं असतं, पाण्याला चिकटून बसतं, ऊन लागलं की तुटून तुटून निघून जातं. "अन् हे दहा वाजले तरी हालत नाही. सूर्य वर आला की उलटं पिवळं पडते." भूगोल मी तीस वर्षं शिकवला, पण इतक्या कमी शब्दांत मला हे कधी सांगता आलं नसतं.

त्या पिवळ्या पडद्याबद्दल हे पत्र आहे.

मी चंद्रपूरला तुकूम भागात राहते. ताडोब्याचा रस्ता आमच्याच बाजूने जातो. गच्चीवर सकाळी तुळशीला पाणी घालताना मी एका वहीत तीन खुणा करते : पाण्याची टाकी दिसली का, त्यापलीकडे थर्मलच्या, म्हणजे औष्णिक वीज केंद्राच्या, चिमण्या दिसल्या का, आणि चिमण्यांच्या मागे जंगलाची निळी रेघ दिसली का. दृश्यता मोजायची ही जुनीच रीत आहे. अंतर माहीत असलेली काळपट वस्तू आकाशापासून वेगळी ओळखता येते का, एवढंच पाहायचं. विमानतळावर वेधशाळेची माणसं रोज हेच करत आली, आता त्यांच्याकडे यंत्रं आहेत. माझ्या वहीतून कुणी आकडेवारी काढू नये. ती एका बाईची वही आहे, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे दोन महिने त्यात कोरेच आहेत. पण एक विनोद त्या वहीत पुन्हा पुन्हा येतो. हवा सर्वात वाईट असते त्या दिवशी चिमण्याच दिसत नाहीत. पाहुणा म्हणतो, काय हो, तुमच्याकडे प्रदूषण कुठे दिसतंय!

ही वही घेऊन मी एकदा एका कार्यालयात गेले होते. कोणत्या ते सोडा. साहेब भले होते, चहा पाजला, पानं उलटून बघितली. मग म्हणाले, "बाई, राख पडते ही तक्रार घेता येते. वास येतो, घेता येते. डोळे चुरचुरतात, तीही घेता येते. पण 'दिसत नाही' ही तक्रार मी कोणत्या रकान्यात लिहू?" त्यांचं चुकलं नव्हतं. तो रकाना त्यांना तुम्ही दिलेलाच नाही.

आता तुमच्या कागदांकडे येते.

डिसेंबर २०१५ मध्ये आपल्या मंत्रालयाने औष्णिक वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा पहिल्यांदा घातली आणि दोन वर्षांची मुदत दिली. मुदत पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. २०२१ मध्ये केंद्रांचे तीन गट पडले. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापासून किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत असेल तो 'अ' गट. अतिप्रदूषित क्षेत्रापासून किंवा हवेचे निकष न पाळू शकणाऱ्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत असेल तो 'ब'. बाकी सगळे 'क'. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने 'क' गटाला, म्हणजे देशातल्या सुमारे ७८ टक्के केंद्रांना, या मर्यादेतून मोकळं केलं. 'अ' गटाला डिसेंबर २०२७ पर्यंत मुदत आहे. 'ब' गटाचं प्रत्येक प्रकरण वेगळं तपासून ठरणार.

हे तिन्ही गट मी पुन्हा पुन्हा वाचले. त्यात शहर आहे, लोकसंख्या आहे, अंतर आहे. अभयारण्य हा शब्द नाही. राष्ट्रीय उद्यान नाही, व्याघ्र प्रकल्प नाही. वनं आणि हवा ज्या एकाच मंत्रालयाच्या नावात शेजारी शेजारी बसतात, त्याच मंत्रालयाच्या पट्टीने कुठलीही चिमणी जंगलापासून किती लांब आहे हे मोजलेलं नाही.

चंद्रपूर व्याख्येनुसार 'ब' गटात येतं, आणि तेही दोन्ही कारणांनी. २००९ च्या तुमच्याच प्रदूषण निर्देशांकात आम्ही ८३.८८ गुण मिळवून देशात चौथे आलो होतो. असा नंबर शाळेत आला असता तर पेढे वाटले असते. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीतही आमचं शहर आहे. म्हणजे आमच्या २९२० मेगावॅटच्या केंद्राचा निर्णय तुमच्या समितीपुढे व्हायचा आहे, आणि त्या टेबलावर शहराची हवा असेल, जंगलाची नसेल. ताडोबा १९५५ सालचं, महाराष्ट्रातलं सर्वात जुनं राष्ट्रीय उद्यान. त्याच्या बफरची, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्याची, हद्द शहराच्या उंबरठ्याशी येऊन टेकली आहे. थर्मलच्या आवारात वाघ-बिबटे फिरतात ही बातमी आमच्याकडे आता शेवटच्या पानावर येते. वाघाला हद्द कळत नाही म्हणतात. धुराला तरी कुठे कळते?

गंमत म्हणजे आपल्याच कायद्यात जंगलासाठी एक रकाना आहे, फक्त तो कुणी उघडत नाही. १८ नोव्हेंबर २००९ ची हवेच्या गुणवत्तेची राष्ट्रीय मानकं काढून बघा. दोन उभे रकाने आहेत. एक औद्योगिक, निवासी, ग्रामीण व इतर क्षेत्रांचा, दुसरा केंद्राने अधिसूचित केलेल्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांचा. सल्फर डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा पहिल्यात घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम, दुसऱ्यात २०. नायट्रोजन डायऑक्साइड ४० आणि ३०. म्हणजे जंगलाची हवा गावापेक्षा स्वच्छ हवी, हे तत्त्व तुम्ही तेव्हाच मान्य केलं आहे. पण सूक्ष्म कणांपाशी आलो की दोन्ही रकान्यांत एकच आकडा : पीएम २.५ साठी ४०, पीएम १० साठी ६०. नजर अडवतात ते कण नेमके हेच. तिथे एमआयडीसी आणि वाघ एका पंगतीला.

आणि त्या दुसऱ्या रकान्यातला २० चा आकडा पाळला जातो की नाही, हे कोण बघतं? आमची सतत मोजणारी दोन केंद्रं मला माहीत आहेत. एक शहरात, एक खुटाळ्याच्या एमआयडीसीत. दोन्ही जागी ती हवीतच. पण तिथल्या आकड्यावरून मोहर्लीची हवा सांगणं म्हणजे मुलाला ताप आहे का हे शेजाऱ्याच्या कपाळाला हात लावून ठरवणं.

या सवलतीच्या बाजूने जे मुद्दे मांडले जातात तेही मी वाचले आहेत. आपल्या कोळशात गंधक कमी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. खरं आहे. चिमण्या उंच आहेत. ५०० मेगावॅटच्या संचाला २७५ मीटर उंचीचा नियमच आहे, त्यामुळे वायू दूर पसरतो. हेही खरं. आणि गावोगावी मोजलेला सल्फर डायऑक्साइड मर्यादेच्या आत भरतो, मग एवढा खर्च कशाला?

गोम इथेच आहे. सल्फर डायऑक्साइड हा वायू आहे. राख पकडणारी ईएसपी यंत्रणा त्याला अडवू शकत नाही, तो तिच्यातून सरळ निघून जातो. उंच चिमणीतून बाहेर पडला की काही तासांत, काही दिवसांत त्याचं सल्फेट होतं, अमोनियाशी जोडी जमवून त्याचे बारीक कण बनतात. या कणांचा आकार प्रकाशाच्या लहरींच्या लांबीच्या आसपास असतो, म्हणून ते प्रकाश विखुरण्यात पटाईत. शिवाय त्यांना पाण्याची ओढ असते. हवेत दमटपणा वाढला की ते फुगतात आणि आणखी प्रकाश अडवतात. हिवाळी पहाटे, तेही धरणाच्या पाण्याजवळ, पडदा इतका जाड का होतो त्याचं एक कारण हे. आता तुमचं यंत्र सल्फर डायऑक्साइड शोधतंय आणि तो तर सल्फेट होऊन पीएम २.५ च्या खात्यात जमा झालाय. चोराने वेश बदलला आणि चौकीदार जुना फोटो घेऊन दारात उभा आहे. आकडा मर्यादेत येणारच.

उंच चिमणीचं तर काय सांगावं. तिने शहराचं थोडं भलं केलं असेल. पण दूर पसरतो म्हणजे कुठे पसरतो? आमच्या दूरवर जंगलच आहे.

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशीही थोडं भांडायचं आहे. चंद्रपुरात काहीही झालं की बोट एकाच चिमणीकडे जातं. हिवाळ्यात आमच्याकडे वारा बराच वेळ ईशान्येकडून, उत्तरेकडून असतो. त्या दिशेला वीज केंद्रं आहेत : मौदा आहे, कोराडी-खापरखेडा आहे, दीडएकशे किलोमीटरवर तिरोडा आहे. पहाटे वारा पडला की उलटा थर साचतो, गार हवा खाली, उबदार वर, आणि जे जिथून आलं ते तिथेच झाकणाखाली कोंडलं जातं. त्यात घरोघरच्या कोळशाच्या सिगड्या, खुल्या खाणींची आणि कोळशाच्या ट्रकांची धूळ, सिमेंटचा पट्टा, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलांसाठी झाडाखाली लावलेल्या आगी. सफारीच्या जिप्सी धूळ उडवतात ती वेगळीच, आणि त्यात मीही बसलेली असते. माझ्या गच्चीवर बोटाला लागते ती राख कुठल्या भट्टीतली, हे मला सांगता येणार नाही. तुम्हालाही येणार नाही, कारण मोहर्लीच्या कणांचं पृथक्करण करून कोणता वाटा कोणाचा हे ठरवणारी नेहमीची व्यवस्था आपण उभी केलेली नाही. म्हणून तर दहा किलोमीटरची पट्टी हास्यास्पद वाटते. जो पडदा दीडशे किलोमीटरवरूनही येऊ शकतो त्याला तुम्ही दहा किलोमीटरचं वर्तुळ काढून विचारताय, तू आत की बाहेर?

दृश्य वाचवण्यासाठी कुठे कायदा असतो का, असं कुणी विचारेल. असतो. आपल्याच देशात आहे. ताजमहालाचा संगमरवर पिवळा पडू नये म्हणून आग्र्याभोवती सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरचा ताज समलंब प्रदेश आखला गेला. ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या २९२ उद्योगांना कोळसा सोडून गॅसवर जा, नाहीतर जागा बदला, असं सांगितलं. दहा किलोमीटर नव्हे, दहा हजार चौरस किलोमीटर. त्या प्रदेशात भरतपूरही येतं, म्हणजे केवलादेवच्या पक्ष्यांना ताजच्या पुण्याईवर थोडी सावली मिळाली. दगडाच्या रंगासाठी एवढं केलंत ते चांगलंच केलंत. आमच्याकडे शहाजहान होऊन गेला नाही, एवढाच काय तो फरक.

अमेरिकेने हा विचार जंगलासाठीच केला. तिथे १९७७ साली हवेच्या कायद्यात दुरुस्ती करून मोठ्या राष्ट्रीय उद्यानांत आणि राखीव रानांत माणसाने केलेल्या प्रदूषणामुळे नजर अडता कामा नये, हे देशाचं उद्दिष्ट म्हणून लिहून टाकलं. अशी १५६ ठिकाणं ठरली. १९९९ मध्ये नियम आला. त्याच्या नावातच 'प्रादेशिक' धुरकं आहे, कारण एका राज्याचा धूर दुसऱ्या राज्याच्या उद्यानात जातो हे त्यांनी मोजून पाहिलं होतं. २०६४ पर्यंत नैसर्गिक दृश्यता परत आणायची, आणि दर काही वर्षांनी राज्यांनी किती वाट चालून झाली ते दाखवायचं. ग्रँड कॅन्यनजवळच्या नवाहो वीज केंद्राला याच कारणासाठी १९९१ मध्ये गंधक ९० टक्के कमी करायला लावलं, धुराड्यांना धुलाई यंत्रणा बसल्या. पुढे २०१९ मध्ये ते केंद्र बंद पडलं, त्याला मुख्यतः स्वस्त गॅसचं कारण होतं. अमेरिका म्हणजे काही स्वर्ग नव्हे. तिथेही सध्या हा नियम सैल करायची भाषा चालू आहे. पण आधी नियम केला, म्हणून सैल करायला तरी काही आहे.

माणसांच्या फुप्फुसांचं आधी बघा, वाघाला देखावा कशाला, असंही ऐकून घेतलं आहे. एका बैठकीत मला जवळजवळ याच शब्दांत सुनावलं गेलं. अहो, कण तेच आहेत. समोरचा काठ पुसून टाकणारा कण मोहर्लीच्या म्हाताऱ्याच्या छातीतही जातो. त्या गावात हवा मोजायचं यंत्र पोहोचेल तेव्हा पोहोचेल, डोळे मात्र प्रत्येकाकडे आहेत. मोहर्ली, कोलारा, झरी, पांगडी इथली शेकडो घरं पर्यटकांवर चालतात. पर्यटक येतो वाघासाठी हे खरं, पण दर फेरीत वाघ दिसत नाही. तेव्हा त्याच्या हाती उरतं ते जंगल. तेही धुरकटलेलं दाखवायचं?

खर्चाचा मुद्दा मी झटकून टाकत नाही. वीज महागली तर माझंही बिल वाढेल. पण एक साधी गोष्ट कुणीतरी हिशेबात धरावी. धुरातलं गंधक धुऊन काढणाऱ्या नेहमीच्या यंत्रणेला चुनखडी लागते आणि तिच्यातून जिप्सम निघतं. आमच्या जिल्ह्यात राजुरा-कोरपन्याच्या पट्ट्यात चुनखडी आहे, आणि त्याच चुनखडीवर उभे असलेले सिमेंटचे कारखाने सिमेंटमध्ये जिप्सम घालतात. कच्चा माल इथे, निघालेल्या मालाचं गिऱ्हाईकही इथेच. चुनखडीची प्रत तपासावी लागेल, वाहतूक मोजावी लागेल, मान्य. पण असं जुळून आलेलं ठिकाण देशात फार नसावं. 'प्रत्येक प्रकरण वेगळं तपासू' असं तुम्हीच म्हणालात ना? मग हे प्रकरण असं तपासा.

तर मागणं असं. चंद्रपूरच्या निर्णयाच्या टेबलावर ताडोबा ठेवा. समितीने शहरापासूनचं अंतर लिहिलं तसं बफरपासूनचंही लिहावं, आणि वाऱ्याचा हिशेब करून ताडोब्यात कुठल्या केंद्राचं किती सल्फेट येतं हे नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडून किंवा दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्यावं. नागपूर इथून तीन तासांवर आहे. मोहर्लीला आणि उत्तरेला कोलाऱ्याला सूक्ष्म कणांचं आणि त्यातल्या घटकांचं एकेक केंद्र बसवा. सोबत एक कॅमेरा लावा, जो रोज ठरलेल्या वेळी त्याच काठाचा, त्याच उंचवट्याचा फोटो काढेल, आणि तो फोटो सर्वांना बघता येऊ द्या. अमेरिकेच्या उद्यानांत असे कॅमेरे लावलेले आहेत. वाघाचे फोटो काढायला आपण जंगलभर कॅमेरे बांधतोच की, एक हवेसाठी बांधा. आणि २००९ च्या मानकांत संवेदनशील क्षेत्रांच्या रकान्यात पीएम २.५ चा वेगळा, खालचा आकडा घाला. त्याखाली दृश्यतेची एक ओळ घाला. किती किलोमीटर ते तज्ज्ञांनी ठरवावं. सध्या तिथे ओळच नाही.

हे एकट्या ताडोब्यापुरतं ठेवा असंही मी म्हणत नाही. व्याघ्र प्रकल्पाचा नकाशा आणि कोळशाचा नकाशा एकमेकांवर ठेवून बघा. मी शाळेत ट्रेसिंग पेपरवर मुलांकडून करून घेत असे. मध्य भारतात दोन्ही नकाशांचे डाग एकाच भागात पडतात, कारण कोळसाही जुन्या जंगलाचाच आणि वरचं रानही त्याच जमिनीवरचं. आमच्या ताडोब्यात तर एका वनपरिक्षेत्राचं नावच कोळसा आहे. पर्यटक हसतात.

त्या आठवीच्या मुलींनी परतल्यावर वहीत नकाशा काढला. एकीने समोरच्या काठापर्यंत सगळं नीट काढलं आणि पुढे पान कोरं सोडलं. खाली लिहिलं, 'यापुढचं दिसलं नाही.' मी तिला पूर्ण गुण दिले. जे दिसलं तेच तिने काढलं होतं.

आपण स्वतः यावं अशी विनंती आहे. जानेवारीत या, मंगळवार सोडून, मंगळवारी कोअर बंद असतं. शक्यतो वातानुकूलित गाडीची काच खाली करा आणि सूर्य उगवायच्या आधी फुगवट्याच्या काठावर उभे राहा. गाईड मी सांगितलेलीच घ्या. आणि चष्मा असेल तर घालून या.

कळावे,
आपली,
तुकूममधली एक निवृत्त भूगोल शिक्षिका, चंद्रपूर